देवराईचं वजन : कणकुंबीच्या रानात चार दिवस

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्यानं मी गोव्याला किती वेळा गेले, त्याचा हिशेब नाही. जांबोटी मागं पडलं की हवा बदलते, कणकुंबीत चहा होतो आणि पुढं घाट लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं रान इतकी वर्षं गाडीच्या काचेतून पाहिलं. ह्या डिसेंबरात पहिल्यांदा त्यात चार दिवस राहिले.

निमित्त झालं आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचं. त्याची वाडी कणकुंबीपासून थोडी आत आहे. वाडीची स्वतःची देवराई आहे, साधारण अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर. पावसाळ्याच्या तोंडावर तिथं एक गृहस्थ येऊन गेले. तुमच्या रायीतला कार्बन विकून देतो, दरवर्षी पैसे येतील, ह्या कागदांवर सह्या करा, असं त्यांचं म्हणणं. कागद इंग्रजीत होते. लोकांनी सह्या केल्या नाहीत, पण प्रश्न वाडीत राहिला. रायीत कार्बन आहे म्हणजे नेमकं काय आहे, आणि किती आहे? मुलानं तो माझ्याकडं आणला. मी वनस्पतिशास्त्र शिकवते; मलाही वर्गात सांगण्यापुरतंच माहीत होतं.

भूगोलाचे सर, तीन विद्यार्थी आणि मी, असे पाच जण निघालो. पंचांची संमती आधीच घेतली होती. राई आणि लोकांची मालकी जमीन एवढ्यातच काम करायचं, जवळच्या भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं नाही, हेही ठरलं होतं. वाडीचं नाव लिहीत नाही, तशी तिथल्या लोकांची इच्छा आहे.

पहिला दिवस : कणकुंबी

सकाळच्या बसनं निघालो आणि अकराच्या आत कणकुंबीत पोचलो. उतरल्यावर आधी माउलीच्या देवळात गेलो. इथं मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. ह्याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादई उगवते, ती पश्चिमेला गोव्यात जाते आणि तिथं तिची मांडवी होते. कुंडापाशी बसून मुलांनी नकाशावर दोन्ही नद्या बोटानं गिरवल्या. बागलकोटचं शेत आणि पणजीची जेटी ह्या एका तालुक्याच्या रानाशी बांधलेली आहेत, हे त्यांना तिथं बसल्यावर जाणवलं. वर्गात मी कितीदा सांगितलं असेन.

वाडीपर्यंत तासभर पायवाट. मुलाचे मामा न्यायला आले होते. अंगावर घोंगडं, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. चालताना ते प्रत्येक झाडाला नावानं ओळखत होते: किंजळ, नाणा, ऐन, हिरडा, अंजनी, गेळा. शास्त्रीय नावं मला ठाऊक होती, पण साल बघून कुठलं ऐन पोकळ आहे ते मला ओळखता आलं नसतं. मामा कोयत्याची मूठ खोडावर आपटायचे आणि कान द्यायचे.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. मुलाची आजी हुलगे निवडत होती. बराच वेळ आमच्या पिशव्यांकडं बघून तिनं विचारलं, "काय ओ टीचर, झाडांचं वजन करूलालासा म्हणे. खरं तोडल्याबिगर वजन कसं ओ कळतंय?"

(आमच्या भागात ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.)

इतका नेमका प्रश्न मला अजून एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही. मी तिला सांगितलं की जगात वेगवेगळ्या ५८ ठिकाणी लोकांनी मिळून ४,००४ झाडं तोडली, त्यांचं वजन केलं, आणि तोडण्याआधी घेतलेली मापंही लिहून ठेवली. जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सगळी मापं एकत्र करून २०१४ साली एक सूत्र मांडलं. झाडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता कळली, की वाळलेल्या लाकडाचं वजन त्या सूत्रातून काढता येतं, आणि त्या वजनातून कार्बन.

आजीचा हात सुपावर थांबला. "म्हणजे कुणीतरी तोडलीच की."

"हो आजी. त्यांनी तोडून मोजली म्हणून आम्हाला तोडावी लागत नाहीत."

ती काही बोलली नाही, परत हुलगे निवडायला लागली. रात्री त्याच हुलग्यांचं पिठलं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार आणि तेलात परतलेल्या सुक्या मिरच्या. चुलीशेजारी बसून जेवलो, कारण बाहेर हातपाय गारठत होते. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी नक्की घ्या. बेळगावची थंडी धरून कपडे भरले तर कमी पडतील. मोबाइलला रेंज जांबोटीनंतर येते-जाते, वाडीत अजिबात नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या.

दुसरा दिवस : राई

सूर्य चांगला वर आल्याशिवाय मामांनी आम्हाला बाहेर पडू दिलं नाही. ह्या भागात अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि पहाटेची वेळ त्यांची असते. नऊच्या सुमारास रायीच्या बांधापाशी पोचलो. बांधावर चपला काढायच्या. आत एका उंबराखाली देवाचा दगड आहे, शेंदूरही नाही, नुसता दगड. मामांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. त्यातलं एक वाक्य मी तिथंच वहीत लिहून घेतलं : "ही पोरं मोजाय आल्यात, तोडाय न्हवं, सांभाळून घे."

आत शिरल्यावर आवाज बदलतो. बाहेर वारा होता, आत पातेऱ्यावर पडणाऱ्या पानाचासुद्धा आवाज येत होता. वर नाणा आणि जांभळीची छत्री, मधे अंजनी, भेर्ली माड, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली गारंबीची वेल, माझ्या मांडीएवढी जाड. जमीन पायाखाली दबत होती. अनवाणी चाललो म्हणून ते कळलं. बुटात नसतं कळलं.

मोजणीची चौकट ०.१ हेक्टरची असते. आपल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीतही पूर्वी हाच आकार वापरत. बाजू ३१.६२ मीटर. दोरी ताणून चार कोपरे काढायचे आणि कर्ण ४४.७२ मीटर भरतो का ते बघायचं, नाहीतर चौकोन तिरका होतो. उतारावर टेप जमिनीलगत ठेवायची नाही, आडवी धरायची, कारण नकाशा वरून बघतो. पहिली चौकट आखायलाच दीड तास गेला. मधे गारंबी, मधे पडलेलं खोड, मधे वारूळ.

मग एकेक झाड. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाचं माप घ्यायचं. त्या लांबीची काठीच आम्ही करून घेतली होती. उतारावरच्या झाडाला काठी वरच्या अंगानं लावायची. बुंध्याला पसरट मुळांच्या भिंती असतील तर त्या संपतात त्याच्या वर. वेल खोडाला चिकटली असेल तर टेप तिच्याखालून सरकवायची, वेलीसकट मोजलं तर झाड उगाच लठ्ठ होतं. मोजलेल्या झाडावर खडूची रेघ. खिळा मारायचा नाही, ही मामांची अट होती आणि माझीही.

कार्बन झाडात असतो एवढंच बहुतेकांना माहीत असतं. हिशेब पाच कप्प्यांत होतो: जमिनीवरचं झाड, जमिनीखालची मुळं, पडलेलं लाकूड, पातेरा आणि माती. पडलेली खोडं मोजली. पातेऱ्यासाठी मीटरभर लांब-रुंद लाकडी चौकट ठेवून आतला सगळा पाला पिशवीत भरला. मामा म्हणाले, रायीतला पातेरा कुणी नेत नाही. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला लागणारा पाला बाहेरच्या रानातून आणतात, इथून एक पानसुद्धा नाही. हाच नियम कुणी कायद्यात लिहिला असता तर किती जणांनी पाळला असता, असं मनात आलं.

दुपारी आजीनं पाठवलेली भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आम्ही आणलेले चिरमुरे-फुटाणे. संध्याकाळपर्यंत दोन चौकटी झाल्या आणि सगळे खूश होऊन परतलो.

रात्री दिव्याखाली आकडे उतरवताना आमच्यातली एक मुलगी थांबली. रायीतली सगळ्यात मोठी जांभूळ, जिला तिनं स्वतः कवेत घ्यायचा प्रयत्न केला होता आणि हात मिळाले नव्हते, तिच्यापुढं घेर ६० सेंटिमीटर लिहिला होता. असं कसं असेल? टेप काढून बघितली तेव्हा उलगडा झाला. ह्या टेपेला दोन बाजू असतात. एका बाजूला साधे सेंटिमीटर, म्हणजे घेर. दुसऱ्या बाजूचे आकडे पाय (π) ह्या संख्येनं भागलेले, म्हणजे थेट व्यास. दोघं आळीपाळीनं टेप धरत होते, एक ही बाजू वाचत होता, दुसरा ती.

त्या एका जांभळीवर मी फळ्यावर करते तसा हिशेब करून दाखवला. व्यास ६० सेंटिमीटर, उंची २० मीटर, जांभळीच्या लाकडाची घनता ०.७ धरली तर सूत्रातून सुमारे २,६०० किलो वाळलेलं वजन येतं. त्याला ०.४७ नं गुणलं की कार्बन, सव्वाबाराशे किलोच्या आसपास. तोच ६० चा आकडा घेर म्हणून धरला तर व्यास होतो १९, आणि वजन येतं २८० किलो. नऊ पटींपेक्षा जास्त फरक, तो एका टेपेच्या पाठीपोटाचा. मुलीनं वही मिटली आणि म्हणाली, "सकाळी परत जाऊया." टेप आणून दिली होती मी, बाजू समजावून सांगायची राहिली होती तीही माझ्याकडूनच. पण तिनं ते झाड मिठीत घेतलं नसतं, तर तो आकडा तसाच पुढं आमच्या कार्बनच्या नकाशात गेला असता.

तिसरा दिवस : हिरवा आणि फिका

सकाळी दोन्ही चौकटी पुन्हा मोजल्या. खडूच्या रेघा होत्या म्हणून लवकर आटपलं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ह्या रानांत गोचिडांपासून जपा. माकडताप गोचिडांतून पसरतो आणि शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, उघड्या अंगाला कीटक दूर ठेवणारं मलम, आणि परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून कपडे वेगळे. राईत अनवाणी जायचं होतं म्हणून आम्ही पायांना मलम फासूनच गेलो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात जाल तर गोचिडांच्या जागी जळवा. त्या त्रास देतात एवढंच.

दुपारी सरांनी उपग्रहाचा नकाशा उघडला. सेंटिनेल-२ ह्या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. आमची राई त्यात हिरवी होती. तिच्या शेजारची काजूची बाग हिरवी होती. रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवडही हिरवीच. तिन्ही हिरव्यांत डोळ्याला फरक सापडेना. देशाच्या वन अहवालातली वनाच्छादनाची व्याख्याही वरूनच बघते: एक हेक्टरपेक्षा मोठी जागा, छत्री, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला भाग, १० टक्क्यांहून जास्त, मग जागा कुणाचीही असो, बाग असली तरी चालते. त्या व्याख्येचा उपयोग आहे, एवढा मोठा देश दुसऱ्या कुठल्या रीतीनं नियमित मोजता येणार? पण ती वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

आम्ही काजूच्या बागेत एक चौकट मोजली. झाडं एका वयाची, एका उंचीची, खाली जमीन झाडून स्वच्छ, कारण बोंडं वेचायची असतात. पातेऱ्याची चौकट ठेवली तर आत मूठभर पानं. राईत त्याच चौकटीतून पिशवी भरली होती. त्या दोन पिशव्या शेजारी ठेवून मुलांनी फोटो काढला, आणि माझ्या मते आख्ख्या सहलीचा सगळ्यात कामाचा फोटो तोच आहे.

दाट रानात साध्या उपग्रहचित्राची आणखी एक अडचण होते. छत्री एकदा भरली की हिरवेपणा तिथंच थांबतो. खालची खोडं दुप्पट जाड झाली तरी वरून सारखंच दिसतं. म्हणून आता लेझर आणि रडार आले. २०१८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेलं गेडी नावाचं यंत्र लेझरचा ठोका खाली सोडतं आणि शेंड्यावरून आणि जमिनीवरून परत येणाऱ्या उजेडाच्या अंतरातून झाडाची उंची काढतं. २०२५ च्या ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार हा आपला आणि अमेरिकेचा मिळून केलेला उपग्रह रडारनं बघतो. त्याला ढग आडवे येत नाहीत. कणकुंबीसारख्या ठिकाणी, जिथं चार महिने आभाळच दिसत नाही, ही मोठी गोष्ट आहे. सर हे सांगत असताना मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वरनं एवढं दिसतंय, मग तुम्ही चालत कशाला आलासा?" सरांनी त्यांना टेपेची गोष्ट उलट बाजूनं सांगितली: उपग्रहाला वजन दिसत नाही, त्याला फक्त उंची आणि खडबडीतपणा दिसतो. कुठल्या उंचीला किती वजन, हे त्याला कुणीतरी खाली चालून, मोजून शिकवावं लागतं.

उन्हं कलताना मामांनी आम्हाला सड्यावर नेलं. जांभ्या दगडाचं उघडं पठार, पिवळं वाळलेलं गवत, मधेच करवंदीची जाळी. पश्चिमेला गोव्याच्या बाजूचे डोंगर एकामागं एक निळे होत गेलेले. वारा इतका की आमचा कार्बनचा नकाशा दगडांखाली ठेवावा लागला. त्या नकाशावर सडा जवळजवळ पांढरा होता. झाड नाही, माती बोटभर, म्हणजे कार्बन नगण्य.

मामांनी एका उथळ खळग्यावर पाय ठेवला. "इथं पावसात पाणी साचतंय. त्यात ती बारकी निळी फुलं. गुरं महिनाभर इथंच." मी खळग्याच्या काठावर वाकून बघितलं. सुकलेल्या शेवाळाच्या खपलीत मोहरीहून बारीक बिया अडकलेल्या होत्या. ती फुलं म्हणजे सीतेची आसवं, पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाणारी वनस्पती. तिला दाट सावली चालत नाही, खोल माती चालत नाही. तिला हा उघडा दगडच लागतो.

मला ज्याची भीती वाटते ते इथं लिहिते. कार्बनचा नकाशा हातात आला की फिका भाग रिकामा वाटायला लागतो, आणि रिकाम्या जागी खड्डे खणून झाडं लावायचा मोह होतो. सड्यावर तसं केलं तर थोडं लाकूड मिळेल आणि सडा जाईल. इथून जवळच्या भीमगड अभयारण्यात तळेवाडीपाशी बारापेडेची गुहा आहे. रॉटनचं वटवाघूळ नावाची दुर्मीळ जात जगाला पहिल्यांदा तिथून माहीत झाली. त्या गुहेला कार्बनच्या नकाशात रंगच नाही. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्याची २०११ मध्ये घोषणा झाली, ती टनांच्या हिशेबानं झाली नव्हती. आमच्या नकाशावर सरांनी सड्याभोवती पेन्सिलनं रेघ मारली आणि लिहिलं: ‘इथं लागवड नको.’

(भीमगडात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि गुहेचा नाद धरू नका, त्या जिवांना माणसांचा त्रास नको.)

चौथा दिवस : माती

मातीचं काम शेवटी ठेवलं होतं, कारण पिशव्या जड होतात. ठरावीक आकाराचं लोखंडी नळकांडं ठोकून ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती काढायची. प्रयोगशाळेत ती १०५ अंशांवर वाळवून वजन करायचं, त्यातले जांभ्याचे खडे वेगळे काढायचे, आणि सेंद्रिय कार्बनची टक्केवारी वेगळ्या भागातून काढायची. समजा मातीत अडीच टक्के सेंद्रिय कार्बन निघाला आणि एका घनसेंटिमीटर मातीचं वजन एक ग्रॅम असलं, तर ३० सेंटिमीटरच्या थरात हेक्टरी ७५ टन कार्बन होतो. देशाच्या २०२३ च्या वन अहवालात जंगलांतला एकूण कार्बन ७,२८५.५ दशलक्ष टन दिला आहे, त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. झाडांकडं बघून आपण मान वर करतो, आणि मोठा साठा पायाखाली असतो.

राईतली माती काळसर, मुळांच्या बारीक धाग्यांनी बांधलेली. नळकांड्यातून काढली तरी आकार धरून राहिली. काजूखालची तांबडी, बोटांत भुगा झाली. आजी काठी टेकत बांधापर्यंत आली होती. तिनं राईतल्या मातीचा गोळा उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ही भाताला घातली असती तर." मग आपणच मान हलवून तो गोळा होता तिथं परत ठेवला, आणि वर दोन पानं सरकवली.

दुपारी देवळाच्या सोप्यात पंच जमले. पैशाचा प्रश्न होताच. मला जे पटतं ते सांगितलं. कार्बनचे पैसे सहसा आज उभ्या असलेल्या झाडाला मिळत नाहीत. तुमच्या करण्यामुळं जो जास्तीचा कार्बन साठतो किंवा जो जाण्यापासून वाचतो, त्याला मिळतात. पिढ्यानपिढ्या कुणी हात न लावलेल्या राईत जास्तीचं काय दाखवणार? आणि अडीच एकराची मोजणी, तपासणी, दरवेळची फेरतपासणी ह्यांचा खर्चच भारी पडेल. न समजणाऱ्या कागदावर सही करू नका. तसा कागद परत आला तर आधी मराठीत मागा आणि किती वर्षांचं बंधन आहे ते विचारा.

एक पंच नाराज झाले. पावसाळ्यात रस्ता जातो, दवाखाना लांब, पोरं गोव्याला कामाला. चार पैसे आले असते तर कुणाला नको होते? त्यांचं खोटं नव्हतं, आणि माझ्याकडं त्यावर उत्तर नव्हतं. मामांनी वेगळंच विचारलं: राईचा नकाशा, झाडांची यादी आणि हा आकडा एका कागदावर शिक्का मारून मिळेल का? जैवविविधतेची नोंदवही ग्रामपंचायतीत असते, तिच्यात लावायला. उद्या रस्ता रुंद करायला कुणी आलं तर इथं काय आहे ते दाखवता येईल. ते मिळेल, असं मी सांगितलं.

परतीची बस चुकवू नका, गाड्या थोड्या आहेत. आम्ही तासभर आधी येऊन थांबलो. जांबोटीत बस थांबली तेव्हा मुलांनी गरम भजी घेतली. मातीच्या अठरा पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या आम्हा पाच जणांना कंडक्टरनं विचारलं, "खानापूरला कौलाच्या भट्टीत चाललासा काय?"

आता त्या पिशव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्तमानपत्रांवर पसरल्या आहेत. राईतल्या मातीत अजून ओल आहे आणि खोलीभर तिचा वास येतो. शिमग्याच्या आधी शिक्क्याचा कागद घेऊन वाडीत जायचं ठरलं आहे. मामांनी येताना बेळगावचा कुंदा आणायला सांगितलाय, आणि आजीनं टेप. तिला दारातला फणस स्वतः मोजायचा आहे.